भोपळ्याला झालेली कावीळ

आमच्या गल्लीत कोणाला काय झालंय हे डॉक्टरच्या आधी माझ्या सासूबाईंना कळतं, आणि कशामुळे झालंय हे तर त्यांनी आधीच ठरवून ठेवलेलं असतं. त्यामुळे त्या वर्षी चैत्रात भाड्याच्या खोल्यांमधून एकामागून एक कावीळ निघायला लागली, तेव्हा ओट्यावर बायकांची चौकशी समिती जमायच्या आतच निकाल लागलेला होता.

"ह्या लोके रोग संगेच लई येतस," सासूबाई म्हणाल्या.

ह्या लोके म्हणजे परगावचे. आमचा भाग सातपूरच्या कारखान्यांना लागून, तेव्हा इथं परगावचं कोण नाही हाच प्रश्न आहे. बिहारचे आहेत, उत्तर प्रदेशचे आहेत, ओडिशाचे आहेत, पेठ-सुरगाण्याकडचे आहेत. सासूबाई स्वतः देवळ्याच्या. कांद्याची शेती दिरांच्या हवाली करून मुलामागे नाशिकला आल्या, त्याला वीस वर्षं होऊन गेली, तरी अजून अहिराणी वळणाचंच बोलतात आणि नाशिकच्या पाण्याला नावं ठेवतात. घरात मूळ नाशिकची अशी मी एकटीच. हे मी सुनावलं तर म्हणाल्या, देवळा काही परगाव नव्हे, नाशिक जिल्हाच आहे. रोगजंतूंना एकदा जिल्ह्याची हद्द दाखवून आणली पाहिजे, असं मी मनात म्हटलं. मोठ्यानं म्हटलं नाही, कारण त्या दिवशी पोळ्या त्यांच्याकडे होत्या.

वास्तविक महिनाभर आधी गल्लीत गटाराचं काम निघालं होतं. जेसीबीनं गटार उकरलं आणि जाता जाता पाण्याची लाइन फोडली. ती जोडली, पण नंतर बरेच दिवस नळाच्या पाण्याला वास येत होता. आम्ही जुनी माणसं नाक मुरडत फिल्टरचं पाणी पीत होतो. खोल्यांमधल्या नव्या लोकांकडे कुठला फिल्टर? ते नळाखाली बादली लावत आणि तेच पीत. पण गटाराला दोष द्यायचा तर कोणाच्या तरी दारात जाऊन भांडावं लागतं, परगावच्यांना दिला तर बसल्या जागी काम होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी देणाऱ्यांना निदान फाशी देण्याचे तरी कष्ट पडत असतील.

आमच्या घराच्या मागच्या अंगाला एक खोली आहे. दिवाळीनंतर तिथं बिहारचं एक जोडपं राहायला आलं. तो एका कारखान्यात ठेकेदारामार्फत प्रेस मशीनवर, ती विशीतली, आली तेव्हाच दिवस गेलेली. तिला मराठी येत नव्हतं आणि सासूबाईंना हिंदी येत नव्हतं, बहुधा त्यामुळेच दोघींची गट्टी जमली. मी दिवसभर शाळेत विज्ञान शिकवायला, माझे यजमान मनमाडला रेल्वेत, रोज अप-डाऊन. घरात काय त्या दोघीच. परिणाम असा झाला की ती पोरगी मराठी समजून जे जे शिकली ते सगळं अहिराणी निघालं. भाजीवाल्याला ठसक्यात विचारायची, "काय भाव शे?" तो सांगायचा, आणि ही म्हणायची, "लय महाग शे." भाजीवाला तिला सटाण्याकडची समजून मुकाट्यानं भाव उतरवायचा. इकडे सासूबाई दाराची कडी वाजली की "के ह?" असं तिच्या भाषेत विचारायला लागल्या होत्या. आमचा दूधवाला त्यानं दोनदा दचकला.

शिवाय पोरगी नकलाकार होती. सासूबाई तपकीर ओढतात ते, त्यानंतर शिंक येईपर्यंत थांबतात ते, आणि शिंक आलीच नाही की इकडेतिकडे बघतात ते. माझीही नक्कल होती. चष्मा नाकावर, हातात लाटणं खडूसारखं धरलेलं, आणि भिंतीकडे बोट करून "समझा? नहीं समझा? फिर से." मला ती नक्कल फारशी आवडली नव्हती, पण बरोबर होती.

तिचे डोळे पिवळे आहेत हे मला एका संध्याकाळी दिसलं. वाटी परत करायला आली होती. मी तिला तशीच धरून कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पापणी ओढून पाहिली, मग पोटाकडे पाहिलं, आणि नेहमी थट्टा करणारा माणूस एकदम सरळ बसला.

"कावीळ आहे," ते म्हणाले. "तुम्हाआम्हाला झाली तर आराम करून बरी होते. पण हिला सातवा आहे. या दिवसांतली कावीळ डोक्यात गेली तर आई आणि बाळ, दोन्ही हातचे जातात. मोठ्या सरकारी दवाखान्यात न्या, उद्या नाही, आज. आणि ही झोपाळू वाटली, विसरायला लागली, काहीबाही बोलायला लागली, तर पायातली चप्पलही शोधत बसू नका."

हे सगळं मी घरी येऊन हिंदीत, जमेल तेवढं हातवारे करून सांगितलं. तिच्या नवऱ्यानं गावाकडे आईला फोन लावला. आईनं सांगितलं, दवाखाना नको, माला घालायला सांग. त्यांच्या गावात अशीच एक बाई पोटुशी असताना दवाखान्यात भरती झाली होती आणि परत आली नव्हती. तो मला म्हणाला, "मैडम, भर्ती मतलब..." पोरगी तर उठून आतून कडीच लावून बसली. दवाखान्यात रात्री नवऱ्याला बायकांच्या वॉर्डात थांबू देत नाहीत, हे तिनं कुठून तरी ऐकलं होतं. परक्या गावात, परक्या बायकांमध्ये ती एकटी राहणार नव्हती.

मी सासूबाईंकडे वळले. म्हटलं, आई, तुमचं ऐकेल ती, तुम्ही सांगा.

"रविवारे माळ घालूत," सासूबाई म्हणाल्या.

काविळीची माळ ज्यांनी पाहिली नसेल त्यांना सांगते. कसल्याशा झाडपाल्याच्या कोवळ्या काड्या एका दोऱ्यात गाठींनी गुंतवून लहानसं कडं करतात आणि रोग्याच्या डोक्यावर ठेवतात. हातानं हलवायचं नाही. दिवसागणिक ती माळ आपोआप लांबत जाते, डोक्यावरून गळ्यात येते, गळ्यातून छातीवर, कमरेवर, आणि शेवटी पायांतून निघते. माळ उतरली की कावीळ उतरली. आता ओल्या काड्या सुकल्या की आकसणार, गाठी सैल पडणार आणि दोरा लांबणार, हे माझ्या सातवीच्या वर्गातलं शेवटच्या बाकावरचं पोरही सांगेल. पण हे मी कोणाला सांगणार? बिहारमध्येही हीच माळ घालतात. पोरीनं दार किलकिलं करून विचारलं, "अम्मा, माला? सिर पर?" सासूबाईंनी डोक्यावर हात ठेवून दाखवला. दोघींना एकमेकींची भाषा नीट येत नव्हती, पण अंधश्रद्धा मात्र अगदी अस्खलित कळली. गेले चार महिने राष्ट्रीय एकात्मता आमच्या मागच्या खोलीत नांदत होती आणि आता ती माझ्या जिवावर उठली होती.

माळ मखमलाबादला मिळते. तिथं झेंडूचे मळे असलेल्या एका घरातली म्हातारी रविवारी आणि बुधवारी माळा करून देते. पैसे घेत नाही, घेतले तर हाताचा गुण जातो म्हणे. पोरीला घेऊन आम्ही गेलो. म्हातारीनं तिच्या डोक्यावर माळ ठेवली, हळद-तेल बंद केलं, आणि माळेला कोणी बोट लावायचं नाही असं बजावलं. पोरगी रिक्षात मुकुट घातलेल्या राणीसारखी ताठ बसून आली. माळ दोन दिवसांत गळ्यात उतरली. मग दोघींच्या तोंडावर जे तेज आलं ते बघून माझं रक्त खवळलं. डॉक्टरांनी 'आज' म्हटलेला दिवस कधीच मागे पडला होता. मी रोज त्या दारात उभी राहून भांडत होते आणि रोज हरत होते.

"तुनं विज्ञान शाळामा शिकाड," सासूबाई म्हणाल्या.

तेव्हा मी ठरवलं की विज्ञान घरातच शिकवायचं.

आमच्या जिन्याखाली एक लाल भोपळा होता. देवळ्याहून दिरांनी पाठवलेला, चांगला मांडीवर मावणार नाही एवढा. सासूबाई त्याला डांगर म्हणतात. घरातल्या बाईनं अख्खं डांगर कापायचं नसतं, पहिला सुरा पुरुषाच्या हातचा लागतो, आणि आमच्या पुरुषाला मनमाडहून यायला रात्र होते, म्हणून तो भोपळा संक्रांतीपासून तिथं बसून होता. बुधवारी शाळा सुटल्यावर मी घरी न येता मखमलाबादला गेले.

"आता कोनासाठी?" म्हातारीनं विचारलं.

"घरातलंच आहे एक."

"बाई का गडी?"

"गडीच म्हणा."

"लय पिवळा पडलाय?"

"पार पिवळा. आधी हिरवा होता."

म्हातारीनं हातातला झेंडू खाली ठेवला. "अन्न जातं का?"

"काही घेत नाही. एका जागी बसून असतो. बोलणं नाही, हलणं नाही."

"आरं देवा. कवापासून?"

"संक्रांतीपासून."

"डोकं मोठं हाय का? त्या मापानं करते."

"मोठं आहे," मी म्हटलं. "आणि केस अजिबात नाहीत."

ती माझ्याकडे असं बघायला लागली की मला मान खाली घालावी लागली. तिला वाटलं मला रडू येतंय. "मालक ना?" ती हळूच म्हणाली आणि तिनं मोठी, दुप्पट जाड माळ बांधून दिली. वर कोथिंबिरीची जुडी दिली. पुढे कित्येक दिवसांनी माझे यजमान फुलं घ्यायला गेले, तेव्हा तिनं त्यांच्या टकलाकडे बघून "बोलाया लागले का आता?" असं विचारलं. ते अजून मला त्याचा अर्थ विचारतात.

घरी येऊन मी माळ भोपळ्याच्या देठाभोवती ठेवली. जिन्यावर पत्रा आहे, दुपारी तिथं चुलीसारखं तापतं. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर माळ देठावरून उतरून भोपळ्याच्या खांद्यावर आली होती. मी विजयी वीरासारखी दोघींना हात धरून जिन्याखाली आणलं.

"बघा," मी म्हटलं. "भोपळ्याची पण उतरतेय. आता बोला."

पोरगी हसत सुटली. एका हातानं पोट आणि दुसऱ्या हातानं गळ्यातली माळ सावरत, भिंतीला टेकून हसली. "अम्मा, इसको भी पीलिया?"

सासूबाई वाकल्या. त्यांनी भोपळ्याकडे चारी बाजूंनी नीट पाहिलं. "मंग?" त्या म्हणाल्या. "डांगरलेबी कावीळच शे. कसं पिवळं पडेल शे, दिखत नही का तुले?"

गाढवापुढे वाचली गीता, ही म्हण ज्यानं केली त्याला सासू असणार. भ्रमाचा भोपळा फोडायला म्हणून मी खराखुरा भोपळा मांडला आणि तो त्यांच्या बाजूनं साक्ष देऊन मोकळा झाला. दोघी एकमेकींना टाळी देऊन निघून गेल्या. टाळी द्यायची पद्धत सासूबाई तिच्याकडून शिकल्या होत्या.

त्यानंतर दोन गोष्टी झाल्या. पहिली अशी की भोपळ्यावरची माळ मध्यावर येऊन थांबली. पुढे हलेना. काड्या खडखडीत सुकल्या होत्या, दोरा लांबायचा तेवढा लांबून झाला होता, आणि भोपळा मध्ये फुगीर. अडकली. शनिवारी सकाळी सासूबाई झाडू घ्यायला जिन्याखाली गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. मी डोकावून पाहिलं. त्या भोपळ्यासमोर उकिडव्या बसल्या होत्या. बोटानं माळेखालून पोकळी आहे का ते चाचपत होत्या. मला वाटलं, आता काहीतरी नवीन शास्त्र काढणार. तर त्यांनी माळ ओरबाडून काढली, जिन्याबाहेर फेकली आणि माझ्यावर ओरडल्या, "खेळ शे का हाऊ?" मग गोणपाट आणून भोपळा झाकून टाकला. दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मी खूष होते. म्हटलं, लागलं एकदाचं वर्मी.

दुसरी गोष्ट चांगली नव्हती. त्याच दिवशी भाजीवाला आला आणि पोरीनं भाव न विचारता भाजी घेतली. भाजीवालाच घुटमळला. तिनं पैसे दिले ते दिले, पुन्हा आत जाऊन पुन्हा द्यायला आली. मी तिला म्हटलं, माझी नक्कल कर ना जरा, तर ती माझ्याकडे बघून गोड हसली आणि बसल्या बसल्या झोपली. झोप, विसरणं, डॉक्टरांनी सांगितलं होतं तेच. मी तिच्या नवऱ्याला कारखान्यात फोन केला. म्हटलं, आत्ता निघून ये. तो म्हणाला, "माला तो उतर रही है ना, मैडम? माँ रोज पूछती है." तो आला तो संध्याकाळी शिफ्ट संपवूनच. आल्यावर पुन्हा तेच. माळ छातीखाली आली आहे, एवढी खाली आली आहे, आता मध्येच नेलं तर परत वर चढेल. मी त्याला वाटेल ते बोलले. भीती वाटली की मला राग येतो, आणि मला फार भीती वाटत होती.

आमचा आवाज ऐकून सासूबाई आल्या. माझ्याकडे न बघता त्या तिच्या खाटेपाशी गेल्या. "दखाड," म्हणाल्या. पोरीला कळायला वेळ लागला. मग तिनं पदर बाजूला केला. माळ पोटाच्या वर येऊन अडकली होती, सात महिन्यांच्या त्या गरगरीत पोटावर घट्ट बसली होती. त्या खोलीतल्या सगळ्यांनी ती पाहिली.

सासूबाई सरळ उभ्या राहिल्या. "माळ अडकनी," त्या तिच्या नवऱ्याला म्हणाल्या, सावकाश, त्याला कळेल असं. "पोटपाशी अडकनी का मंग घरमा ठेवानं नही. दवाखानामा लई जावानं. आसा नियम शे."

असा नियम मी जन्मात ऐकला नव्हता. पण तो ऐकून तिचा नवरा, ज्याला मी चार भाषांत समजावून थकले होते, तो ताडकन उठला आणि तिची चादर गोळा करायला लागला. मला तोंड उघडायची इतकी सवय आहे की ते मिटून ठेवताना जबडा दुखला. पोट फुगीर आहे म्हणून अडकली, एवढंच एक वाक्य माझ्या जिभेवर होतं, आणि ते मी गिळलं. अंधश्रद्धा आयुष्यात पहिल्यांदा योग्य दिशेला चालली होती, तिला आडवं कोण जाणार.

"ऊठ वं," सासूबाई मला म्हणाल्या. "रिक्षा बलाव."

दवाखान्यात तिला लगेच आत घेतलं. सिस्टर सलाईन लावायला आली तर मध्ये ती माळ. तिनं कात्री काढली. नवरा पांढराफटक पडला, आणि पोरगी एवढ्या झोपेतही माळेवर हात ठेवून "नहीं नहीं" करायला लागली. सासूबाईंनी सिस्टरच्या हातातून कात्री घेतली. एका हातानं पोरीचा हात धरला आणि दुसऱ्या हातानं माळ कापली. मग ती पदरात बांधली आणि म्हणाल्या, "आते मी शे आठे. झोप." बायकांच्या वॉर्डात बाईमाणूस थांबू देतात. पोरगी ज्याला घाबरत होती ते एकटेपण असं दोन मिनिटांत मिटलं, आणि हे मला इतक्या दिवसांत का सुचलं नव्हतं ते मला माहीत नाही.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. रक्त गेलं होतं तपासायला. यकृताला सूज आहे, मेंदूवर परिणाम सुरू झालाय, आज रात्री काय होतं ते बघू, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मग विचारलं, नाशिकला कधी आली?

"दिवाळीनंतर," मी म्हटलं.

"आल्यापासून गावाला गेली होती?"

"नाही."

"मग ही कावीळ तिकडची नाही. तिकडून आणली असती तर केव्हाच दिसली असती. ही तुमच्याच नळाची आहे. गल्लीत आणखी कोणाला आहे का?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. ह्या लोके रोग संगेच लई येतस, हे वाक्य आम्ही दोघीही आठवत होतो. टोमणा मारायची इतकी चांगली संधी मला पुन्हा मिळणार नव्हती. पण त्या बाकावर पाय वर घेऊन बसल्या होत्या, पदराच्या गाठीतली ती माळ चाचपत, आणि एकाएकी खूप म्हाताऱ्या दिसत होत्या.

"मनी बहीननी माळबी आठेच अडकनी व्हती," त्या म्हणाल्या आणि स्वतःच्या पोटावर हात ठेवला.

त्यांना बहीण होती हेच मला माहीत नव्हतं. "मग?" मी विचारलं.

"मंग काय. आठवा व्हता तिले. आम्ही वाट देखत बसनूत, माळ खाले उतरानी."

त्यांनी पदराची गाठ आणखी आवळली. मला सगळं कळलं असं मला वाटलं. माळ पोटावर अडकणं म्हणजे अपशकुन, बहीण तशीच गेली, म्हणून या घाबरल्या आणि म्हणून तो नियम. मी त्यांच्या शेजारी सरकून बसले. एरवी आम्ही एका बाकावर बसलो तर मध्ये पिशवी ठेवतो.

ती रात्र पोरीनं काढली, पुढच्याही काढल्या. एका सकाळी मी डबा घेऊन गेले तर वॉर्डाच्या दारातच मला खसखस ऐकू आली. पोरगी उशीला टेकून बसली होती आणि शेजारच्या खाटांवरच्या बायकांना सासूबाईंची शिंकेची नक्कल करून दाखवत होती. सासूबाई स्वतः समोर बसून हसत होत्या आणि मध्येच तिला चुका सांगत होत्या. मी डबा ठेवला आणि जिन्यात जाऊन यथेच्छ रडले. बाळ दिवस भरायच्या आधी आलं, मुलगी, एवढीशी, पण रडायला खणखणीत. सासूबाई म्हणतात ती अहिराणीत रडते. आता मागच्या खोलीत आमच्या फिल्टरची नळी काढून दिली आहे, आणि गटाराच्या लाइनवरून मी आणि सासूबाई मिळून जिथं भांडायचं तिथं जाऊन भांडून आलो आहोत. माझ्यापेक्षा त्यांचं भांडण जास्त चाललं, कारण ते समोरच्या साहेबांना समजत नव्हतं.

गल्लीत बायकांनी विचारलं, पोरगी कशानं वाचली? बिहारहून तिची सासू फोनवर म्हणाली, मालेनं. मी म्हटलं, औषधानं. सासूबाईंनी ओट्यावर बसून जाहीर केलं, "डांगरनी वाचाडी."

आणि मग त्यांनी जे सुरू केलं त्याला मी आजतागायत थांबवू शकलेले नाही. गल्लीत आणि मागच्या चार गल्ल्यांत परगावचं कोणी नवीन आलं, त्यांच्यात कोणी पोटुशी असली आणि डोळे पिवळे दिसले, की तिच्या घरचे माळ मागायला निघतात. सासूबाई त्यांना अडवतात. म्हणतात, माणसाला घालायच्या आधी डांगराला घालून बघायची असते, ही इकडची रीत आहे. आमच्या जिन्याखालचा तो भोपळा यजमानांनी एका रविवारी कापला, आम्ही त्याचे घारगे केले, पण त्या जागी दुसरा आला, मग तिसरा. सासूबाई निवडून फुगीर आणायला लावतात. माळ स्वतःच बांधतात, लहान मापाची, तापल्या पत्र्याखाली ठेवतात, आणि दुपारी घातली की संध्याकाळी बघायला बोलावतात. माळ मध्यावर अडकलेली असते. सासूबाई तोंड गंभीर करून म्हणतात, "अडकनी. चला दवाखानामा." आणि ते लोक निघतात. त्यांच्याबरोबर सासूबाई स्वतः जातात, रात्री वॉर्डात राहतात. जिच्या विज्ञानाला घरात कोणी विचारत नव्हतं, तिच्याच प्रयोगातून अशी नवी अंधश्रद्धा जन्माला आली, हे माझ्या शाळेत कळलं तर माझी नोकरी जाईल.

परवा त्या वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. समोर नवा भोपळा होता. मी शेवटी न राहवून म्हटलं, "आई, एक सांगू? भोपळा मध्ये जाडच असतो. माळ दर वेळी तिथंच अडकणार. त्यात शकुन-अपशकुन काही नाही."

"माले समजस ते," त्या म्हणाल्या. शेंग सोलून झाली, दाणे ताटात पडले. "मनी बहीननं पोटबी जाडंच व्हतं."